ह्यूमन व्हीईजीएफ एलायझा: डायल्यूशन बदललं की आकडा बदलतो, खरा कोणता धरायचा?

नीलपीत
नमस्कार मंडळी. एलायझावाल्यांचा सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ह्यूमन व्हीईजीएफ-ए (रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन) मोजते आहे. नेहमीची सँडविच एलायझा (प्रथिनाला दोन अँटीबॉड्यांमध्ये पकडून रंगावरून मोजायची पद्धत), तयार किट. तळाला चिकटवलेली कॅप्चर अँटीबॉडी, वरून एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) लावलेली डिटेक्शन अँटीबॉडी, मग टीएमबी (त्या एन्झाइमने निळं होणारं रसायन), आम्ल घालून थांबवायचं आणि ४५० नॅनोमीटरला वाचायचं. रेंज १५.६ ते १००० पिकोग्रॅम प्रति मिली. नमुने तीन तऱ्हेचे आहेत: पेशींच्या कल्चरचं सुपरनेटंट (वरचा द्रव), सीरम (रक्त गोठल्यावर उरलेला द्रव), आणि त्याच व्यक्तींचा ईडीटीए प्लाझ्मा (ईडीटीए घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव).

सुपरनेटंट अगदी शहाण्यासारखं वागतं. दुप्पट पातळ करा, आठपट करा, गुणून आकडा तोच. घोळ सीरमचा आहे. एकच नमुना चार डायल्यूशनला लावला, तेही किटमधल्या सीरमसाठीच्या डायल्युएंटमध्ये. स्टँडर्ड वक्रावरून (माहीत मात्रांच्या नमुन्यांवरून काढलेल्या) आलेली वाचनं आणि पुढे गुणलेला आकडा असा:

दुप्पट: १४०, गुणून २८०
चौपट: ८६, गुणून ३४४
आठपट: ४६, गुणून ३६८
सोळापट: २३.३, गुणून ३७३

डुप्लिकेट (एकाच नमुन्याचे प्लेटवरचे दोन वेल, म्हणजे खळगे) एकमेकांना व्यवस्थित जुळतात. दुसऱ्या दोन सीरमचाही हाच कल आहे. आणि कहर म्हणजे याच व्यक्तीचा प्लाझ्मा दुप्पट पातळ करून जेमतेम १९, म्हणजे गुणून ३८. एकाच माणसाच्या एकाच वेळी काढलेल्या रक्तात ३७० पण आणि ३८ पण?

माहितीपत्रक सीरम दुप्पट पातळ करा म्हणतं. मग २८० लिहू की ३७०? आणि सीरम खरं की प्लाझ्मा?

शंकासूर
माहितीपत्रकात दुप्पट लिहिलंय ना? मग २८० लिहा आणि मोकळ्या व्हा. सगळे नमुने एकाच डायल्यूशनला लावले की तुलना सगळ्यांची सारखीच होते. किट बनवणाऱ्यांनी हे सगळं तपासूनच विकायला ठेवलं असणार.

पिपेटवाला
शंकासूर, थांबा की राव. आधी दोन बारीक गोष्टी विचारून घेऊ.

ताई, "दुप्पट" म्हणजे एक भाग नमुना अधिक एक भाग बफर, की एक अधिक दोन? एका प्रयोगशाळेत १:२ म्हणजे पहिलं आणि शेजारच्या प्रयोगशाळेत दुसरं, असं सर्रास चालतं. दुसरं, हे डायल्यूशन एकातून दुसरं असं साखळीने केलं की प्रत्येक वेळी मूळ नमुन्यातून वेगळं? साखळीत पहिल्या पिपेटिंगची चूक शेवटपर्यंत सोबत येते, आणि वर जातो तसा सरळ कल बऱ्याचदा तिथूनच जन्माला येतो.

नीलपीत
@पिपेटवाला, एक अधिक एक. आणि प्रत्येक डायल्यूशन मूळ नमुन्यातून स्वतंत्र केलंय. आठपट आणि सोळापटसाठी नमुना २० मायक्रोलिटरच्या खाली उचलावा लागू नये म्हणून एकूण आकारमान वाढवलं.

पिपेटवाला
मग पिपेटिंगवर खापर फोडता येत नाही. पुढचे बोला.

चौकस
हा हुक इफेक्ट तर नाही ना? प्रथिन फार जास्त झालं की सिग्नल उलट कमी येतो आणि पातळ केलं की वाढतो, असं वाचलंय. फेरिटिन, एचसीजी, प्रोलॅक्टिन यांच्या बाबतीत तर हे प्रसिद्धच आहे.

जुना खोडरबर
चौकस, शंका रास्त आहे, पण इथे बसत नाही. हुकमध्ये प्रथिन इतकं बेसुमार असतं की कॅप्चर आणि डिटेक्शन या दोन्ही अँटीबॉड्या वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात आणि सँडविच जुळतच नाही. तसं असतं तर पातळ केल्यावर *कच्चं* वाचनच वाढलं असतं, निदान जागच्या जागी राहिलं असतं. नीलपीतचं कच्चं वाचन १४० वरून ८६, मग ४६ असं घसरतंय. फक्त निम्म्याने घसरायला हवं तितकं घसरत नाही. शिवाय नमुना आणि डिटेक्शन अँटीबॉडी यांच्यामध्ये वॉश आहे, त्यामुळे हुकची शक्यता आणखी कमी. शेकड्यांतले पिकोग्रॅम म्हणजे हुकच्या वाऱ्यालाही उभी राहणारी मात्रा नव्हे.

आता शेवटचे दोन आकडे बघा: ३६८ आणि ३७३. आठपटच्या पुढे वाढ थांबली. दाट सीरममध्ये व्हीईजीएफला कुणीतरी झाकून ठेवतंय, आणि पातळ केलं की ते झाकण उचललं जातंय, असा याचा अर्थ. याला मॅट्रिक्स इफेक्ट म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. पण "मॅट्रिक्स" म्हणून सोडून देण्यात माझा जीव रमत नाही. व्हीईजीएफच्या बाबतीत झाकणारा कोण हे बऱ्यापैकी ठाऊक आहे: सोल्युबल व्हीईजीएफ रिसेप्टर-१, म्हणजे एसफ्लिट-१. रिसेप्टरचा पेशीबाहेरचा तुकडा रक्तात मोकळा फिरत असतो आणि व्हीईजीएफला गच्च धरतो. अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिनसुद्धा व्हीईजीएफला बांधतं. किटची अँटीबॉडी ज्या जागी बसते तीच जागा रिसेप्टरने अडवली असेल, तर ते व्हीईजीएफ नळीत असूनही किटच्या लेखी नाही.

गरोदरपणात एसफ्लिट-१ बरंच वाढतं आणि प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजारात) त्याहून जास्त. तसल्या सीरममध्ये साध्या एलायझाने व्हीईजीएफ मोजणं म्हणजे आडात आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी गत.

गणपती_बेरीज
काकांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. व्हीईजीएफ-१६५ चा (व्हीईजीएफ-ए चा नेहमीचा प्रकार) डायमर, म्हणजे दोघांची जोडी, साधारण ४० किलोडाल्टन धरा. ४०० पिकोग्रॅम प्रति मिली म्हणजे ०.४ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. भागिले ४०,००० ग्रॅम प्रति मोल. उत्तर १० पिकोमोलर. आणि रिसेप्टर-१ शी व्हीईजीएफची पकड? केडी (ज्या मात्रेला निम्मं बांधलेलं आणि निम्मं मोकळं असतं ती) दहा-वीस पिकोमोलरच्या घरात.

म्हणजे मोजायचं प्रथिन आणि पकडीचा केडी, दोन्ही एकाच पातळीवर. अशा वेळी आठपट पातळ केलं की तोल मोकळ्या व्हीईजीएफकडे झुकणारच. हेच प्रथिन नॅनोमोलरमध्ये असतं आणि पातळ करूनही केडीच्या खूप वर राहिलं असतं, तर फरक जाणवलाही नसता. आकडे बदलले नसते तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

एक पुस्ती: पकड घट्ट असली की सुटायलाही वेळ लागतो. त्यामुळे पातळ केल्याबरोबर प्लेटवर ओतलेला नमुना आणि थोडा वेळ ठेवून मग ओतलेला नमुना यांत फरक पडू शकतो. निदान सगळ्या नमुन्यांना तो वेळ सारखा मिळू दे.

शंकासूर
बरं, मान्य. पण मग माहितीपत्रक दुप्पट का सांगतं? त्यांनी लिनिअॅरिटीचा (पातळ केल्यावर वाचन त्याच प्रमाणात उतरतं का याचा) तक्ताही छापलेला असतो की.

जुना खोडरबर
तो तक्ता बारकाईने वाचा. बहुतेक वेळा नमुन्यात रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) प्रथिन मिसळून मग पातळ केलेलं असतं. मूळचं, शरीराने बनवलेलं, आधीच कुणाच्या तरी कवेत असलेलं प्रथिन पातळ केल्यावर काय होतं ही चाचणी वेगळी, आणि पॅरलेलिझम म्हणतात ते तिला. पहिलीत पास झालेलं किट दुसरीत नापास होऊ शकतं. शिवाय त्यांचे नमुने निरोगी लोकांचे. तुमचे कुणाचे, हे त्यांना कसं कळणार?

रात्रपाळी
मी क्लिनिकल लॅबमध्ये असते. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे सीरम की प्लाझ्मा याला, कुणी हात लावलेला नाही, म्हणून लिहिते.

३७० आणि ३८ यांत मला काही विपरीत दिसत नाही. प्लेटलेट्सच्या पोटात व्हीईजीएफचा साठा असतो. रक्त गोठताना प्लेटलेट्स तो ओकतात. सीरम म्हणजे गोठून झाल्यावर उरलेला द्रव, तेव्हा सीरममधलं बरंचसं व्हीईजीएफ नळीत जन्मलेलं असतं, शिरेतलं नसतं. बीडीएनएफ आणि टीजीएफ-बीटा-१ या दुसऱ्या वाढीच्या प्रथिनांची हीच कथा. निरोगी माणसात सीरमचा आकडा शेकड्यांत आणि प्लाझ्माचा दहा-वीस-पन्नासात हे नेहमीचंच दृश्य आहे.

यातून दोन भानगडी निघतात. एक म्हणजे सीरमचं व्हीईजीएफ प्लेटलेट काउंटच्या मागे मागे जातं. केमोथेरपीने प्लेटलेट्स उतरल्या की सीरमचं व्हीईजीएफही उतरतं, आणि कुणीतरी "औषधाने व्हीईजीएफ कमी झालं" असा निष्कर्ष काढून मोकळं होतं. ज्यांना सीरमशिवाय पर्याय नाही ते निदान प्लेटलेट काउंट सोबत नोंदवतात, काही जण त्याने भागतातही. दुसरी भानगड वेळेची. नळी किती वेळ गोठायला ठेवली यावर आकडा हलतो. एकाची नळी अर्ध्या तासात फिरवली आणि दुसऱ्याची जेवण करून आल्यावर, तर त्या दोघांची तुलना कशाची आहे हे सांगता येत नाही.

आणि "प्लाझ्मा घेतला म्हणजे सुटलो" असंही समजू नका. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, नळी जोरात हलवली, तास-दोन तास टेबलावर राहिली, की प्लेटलेट्स थोड्या थोड्या फुटतच असतात. लवकर, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत फिरवावं. मग वरचा प्लाझ्मा काढून घेऊन तो पुन्हा १०,००० जीला दहा मिनिटं फिरवावा, म्हणजे उरल्यासुरल्या प्लेटलेट्स तळाला बसतात. हे गोठवण्याच्या *आधी*. प्लेटलेट्ससकट गोठवला तर वितळताना त्या फुटतात आणि प्लाझ्माचं अर्धवट सीरम होतं.

हेपरिनची नळी व्हीईजीएफला टाळलेली बरी, व्हीईजीएफ-१६५ ला हेपरिन धरणारी जागा असते. सायट्रेट चालतं, पण सायट्रेट द्रवरूप असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्तातला प्लाझ्मा सुमारे पाच भाग, त्यात एक भाग सायट्रेट, म्हणजे आकडा साधारण सहाव्या हिश्शाने कमी दिसणार. ईडीटीएशी तुलना करताना हे विसरलं जातं.

नीलपीत
@रात्रपाळी ताई, मनापासून धन्यवाद. प्लाझ्मा दोनदा फिरवलेला आहे, हे खात्रीने सांगू शकते. सीरम मात्र आमच्याकडे आधीच साठवलेलं आलंय. किती वेळ गोठायला ठेवलं याची नोंद काही पेट्यांवर आहे, काहींवर नाही.

रात्रपाळी
नोंद नसलेले नमुने निदान वेगळे दाखवा. एकत्र मिसळू नका.

उतारवक्र
डायल्यूशनचा प्रश्न सुटतोय असं वाटतं, पण मला वक्राबद्दल विचारायचंय. स्टँडर्ड कर्व्ह कशाने बसवली? २३.३ हे वाचन तुमच्या सगळ्यात खालच्या स्टँडर्डच्या अगदी जवळ आहे आणि १९ तर जवळजवळ काठावर.

नीलपीत
फोर पॅरामीटर लॉजिस्टिक, प्लेट रीडरच्या सॉफ्टवेअरने. आमच्याकडे काही जण स्प्रेडशीटमध्ये सरळ रेषा बसवतात, आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंवर किती नीट बसली याचा आकडा) ०.९९ च्या वर येतो म्हणून.

उतारवक्र
आर-स्क्वेअरचं नाव काढलंत म्हणून जरा ताणतो.

एलायझाचा वक्र एसच्या आकाराचा. खाली ब्लँकपाशी (प्रथिन नसलेल्या वेलपाशी) सपाट, मधे चढता, वर प्लेट भरली की पुन्हा सपाट. फोर पॅरामीटरमधले चार आकडे म्हणजे खालची पातळी, वरची पातळी, मध्यबिंदू आणि तिथला उतार. दोन्ही टोकांची वळणं सारखी नसतील तर पाचवा पॅरामीटर घेतात. सरळ रेषेत हे काहीच नसतं. तरी आर-स्क्वेअर देखणा येतो, कारण त्या आकड्यावर वरच्या दोन-तीन स्टँडर्डचं राज्य असतं. १०००, ५००, २५० रेषेवर बसले की तो खूश. खाली १५.६ चं काय झालं याची त्याला फिकीर नाही.

तेव्हा आर-स्क्वेअर बघूच नका. प्रत्येक स्टँडर्डची ओडी (रीडरने वाचलेली रंगाची गडदता) वक्रात परत घालून त्याची मात्रा काढा. १५.६ चं स्टँडर्ड परत १५.६ च्या आसपास येतंय का? ड्रग डेव्हलपमेंटच्या नियमावलीत, आयसीएच एम१० मध्ये, अशा अॅसेजसाठी स्टँडर्ड मूळ किमतीच्या २० टक्क्यांच्या आत, आणि मोजणीच्या दोन्ही टोकांना २५ टक्क्यांच्या आत हवं असं म्हटलंय. संशोधनासाठी ते बंधनकारक नाही, पण मापदंड म्हणून चांगलं आहे. सरळ रेषेवरून १५.६ परत काढून बघा, भलताच आकडा येईल नाहीतर चक्क उणे.

वेटिंग (वक्र बसवताना प्रत्येक बिंदूला वेगळं वजन देणं) चालू आहे का तेही बघा. ओडी वाढते तशी तिची चढउतारही वाढते. वेटिंग नसेल तर वक्र मोठ्या ओडींचं मन राखायला जातो आणि खालचे नमुने, म्हणजे तुमचा प्लाझ्मा, वाऱ्यावर.

शंकासूर
रेषा बसवणाऱ्यांपैकी एक इथे बसलाय, जरा जपून. :)

बाकी उतारवक्र, तुम्ही डुप्लिकेटवाले की सिंगलवाले? मला दोन-दोन वेल म्हणजे निव्वळ पैशाची राख वाटते. चाळीस नमुन्यांऐवजी ऐंशी नमुने लावले तर अभ्यासाला बळ जास्त येतं.

उतारवक्र
गणिताने तुमचं बरोबर आहे. माणसामाणसातला फरक वेल-वेलमधल्या फरकापेक्षा बहुधा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे नमुने वाढवण्यात फायदा जास्त. पण सिंगलमध्ये एखाद्या वेलमध्ये बुडबुडा राहिला की तो कळायला मार्गच नाही.

पिपेटवाला
बुडबुड्याला सुईने फोडा. डुप्लिकेट मी सोडणार नाही, हा माझा स्वभावदोष समजा.

प्लेटच्या हातकामाचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण २३ आणि १९ सारख्या वाचनांत हेच आडवं येतं. टीएमबी घातल्यावर लगेच प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून बाजूने वाकून बघा. ब्लँक पहिल्या काही मिनिटांतच निळसर झाले तर वॉश कमी पडला, किंवा टीएमबी कुठेतरी एचआरपीला शिवलंय. एखाद्याच वेलच्या कडेने निळी रेघ उठली तर तिथे मागच्या पायरीचा थेंब भिंतीवर चिकटून राहिला होता. निळा रंग एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे फिका होत गेला तर ओतताना तुम्ही फार वेळ घेतलात. काठचे वेल मधल्यांपेक्षा गडद असतील तर प्लेट थंडगार असतानाच सुरुवात केली, किंवा झाकण नीट न बसल्याने काठाचं पाणी उडालं. आम्ल घातलं की सगळं पिवळं होतं आणि यातलं काहीच दिसत नाही. रीडर फक्त आकडा देतो. म्हणून मी निळ्या अवस्थेतच प्लेटचा फोटो काढून ठेवतो.

वॉशनंतर प्लेट उलटी करून कागदावर दणकून आपटायची. हळूच टेकवणारे बघितले की माझं डोकं फिरतं. तळाला राहिलेला वॉश बफर म्हणजे पुढची पायरी आपोआप पातळ.

आणि वॉश बफरमध्ये सोडियम अझाइड घातलेला कुणाचा जुना बफर वापरू नका. एचआरपी त्याने मरतं. ओडी शून्याला टेकली की सगळे अँटीबॉडीला शिव्या घालतात.

आम्लानंतर वाचायला उशीर नको, अर्ध्या तासाच्या आत. ४५० मधून ५४० किंवा ५७० चं वाचन वजा करा, म्हणजे प्लॅस्टिकवरचे ओरखडे आणि बोटांचे ठसे निघून जातात.

नीलपीत
अपडेट देते. जुना खोडरबर काकांनी रिकॉम्बिनंट मिसळण्याबद्दल लिहिलं ते वाचून त्याच सीरमवर स्पाइक रिकव्हरी केली, म्हणजे माहीत असलेली मात्रा टाकून किती परत मिळते ते बघितलं. दुप्पट आणि आठपट पातळ केलेल्या सीरममध्ये प्रत्येकी २०० पिकोग्रॅम प्रति मिली रिकॉम्बिनंट व्हीईजीएफ टाकलं. स्पाइकचं आकारमान एकूणच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवलं, म्हणजे त्यानेच नमुना पातळ व्हायला नको.

दुप्पट: आधी १४०, स्पाइकनंतर २६२. म्हणजे २०० पैकी १२२ परत मिळाले, ६१ टक्के.
आठपट: आधी ४६, स्पाइकनंतर २३५. २०० पैकी १८९, ९४ टक्क्यांच्या वर.

गणपती_बेरीज
वा! म्हणजे दुप्पट पातळ सीरममध्ये झाकणाऱ्याकडे अजून रिकामे हात शिल्लक आहेत, नव्याने टाकलेलंही तो गिळतोय. आठपटला त्याचं बळ संपलं. ८० ते १२० टक्के हा सर्वसाधारण स्वीकारार्ह पट्टा, त्यात आठपट बसतं.

जुना खोडरबर
चांगलं झालं. पण स्पाइकवर सगळी भिस्त ठेवू नका. टाकलेलं रिकॉम्बिनंट काही वेळापूर्वीच नमुन्यात आलेलं असतं. मूळचं व्हीईजीएफ शरीरात असल्यापासून बांधलं गेलेलं असतं. त्यामुळे स्पाइक ९५ टक्के परत आलं तरी मूळचं तितकंच मोकळं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्या बाबतीत आठपट आणि सोळापट एकमेकांना जुळतात, हा पुरावा मला स्पाइकपेक्षा मोठा वाटतो. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून आठपट धरा. सोळापट नको, तिथे वाचन वक्राच्या पायथ्याशी पोचतं.

पण हे एका नमुन्यावर ठरवू नका. कमी, मध्यम आणि जास्त अशा वेगवेगळ्या व्यक्तींचे काही नमुने घ्या, आणि अभ्यासात रुग्ण व निरोगी असे दोन गट असतील तर दोन्हींतले घ्या. एका गटात झाकणारा जास्त असेल तर दुप्पट डायल्यूशनवर तुम्हाला व्हीईजीएफमधला फरक दिसणार नाही, झाकणाऱ्यातला दिसेल. शंकासूर सुरुवातीला म्हणाले होते की सगळ्यांना एकच डायल्यूशन लावलं की तुलना सारखी. गोम नेमकी तिथे आहे.

शंकासूर
घेतो शब्द मागे. निम्मा.

नवी_टिप
मधेच घुसतेय. आमच्याकडचे नमुने बेव्हासिझुमॅब चालू असलेल्या रुग्णांचे आहेत. त्यांच्यात उपचारानंतर व्हीईजीएफ *वाढलेलं* दिसतंय. औषध तर व्हीईजीएफला अडवतं ना?

रात्रपाळी
अडवतं म्हणजे नाहीसं करतं असं नाही. बेव्हासिझुमॅब ही स्वतःच व्हीईजीएफविरुद्धची अँटीबॉडी आहे. ती व्हीईजीएफला धरून रक्तात फिरत राहते, आणि धरलेलं व्हीईजीएफ मोकळ्यापेक्षा सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे एकूण वाढतं, मोकळं घटतं. तुमच्या किटची अँटीबॉडी औषधाच्याच जागी बसत असेल तर तिला मोकळंच दिसेल. दुसऱ्या जागी बसत असेल तर बांधलेलंही दिसेल. तुमचा आकडा एकूण, मोकळा, की मधलाच काहीतरी, हे किटच्या अँटीबॉडीवर ठरतं. बेसलाइन सीरममध्ये औषध मिसळून स्वतः बघा, वाचन किती पडतं ते. त्या माहितीशिवाय उपचाराआधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी मांडू नका.

जाता जाता: कुणाच्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनची (एकमेकांना गच्च धरणारी, अँटीबॉडीला एन्झाइम जोडायला वापरतात ती) जोडी असेल तर रुग्ण बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेतो का ते विचारा. सँडविचमध्ये त्याने आकडा खोटा खाली येऊ शकतो. एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. मधे वॉश असलेल्या पद्धतीत धोका कमी, हॉस्पिटलच्या एका झटक्यात चालणाऱ्या मशिनांत जास्त.

नवी_टिप
बाप रे. आभारी आहे. औषध मिसळून बघते आधी.

चौकस
सुपरनेटंट "शहाण्यासारखं वागतं" म्हणालात, पण त्यात दहा टक्के फीटल बोव्हाइन सीरम (पेशींच्या माध्यमात घालतात ते गाईच्या गर्भाचं सीरम) असेल तर?

पिपेटवाला
पेशी न घातलेलं तेच माध्यम, तितकाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवून, नमुन्यासारखं लावायचं. जे येईल ते वजा, किंवा मोजणीपुरतं पेशींना सीरमविना ठेवायचं. टीजीएफ-बीटा-१ मोजणाऱ्यांनी तर हे विसरूच नये: गाईचा आणि माणसाचा पक्व रेणू अगदी सारखा, "ह्यूमन" किटला फरक कळतच नाही. आणि पिकोग्रॅम प्रति मिली इतकंच लिहू नका, पेशींच्या संख्येने किंवा एकूण प्रथिनाने भागा. ऑक्सिजन कमी केलेल्या फ्लास्कमध्ये एचआयएफमुळे (ऑक्सिजन कमी पडला की कामाला लागणारं प्रथिन) व्हीईजीएफ वाढतं हे खरं, पण त्याच फ्लास्कमध्ये पेशी कमी उरल्या असतील तर प्रति मिलीचा आकडा ते लपवतो.

जुना खोडरबर
अवांतर, पण राहवत नाही. आज प्लेट रीडर दहा सेकंदांत ९६ वेल वाचतो. यालो आणि बर्सन यांनी १९६० च्या सुमारास प्लाझ्मातलं इन्सुलिन मोजलं ते किरणोत्सारी आयोडीनने. बर्सन १९७२ मध्ये गेले, यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. किरणोत्साराच्या जागी एन्झाइम बसवायची कल्पना १९७१ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आली: स्वीडनमध्ये एंगवॉल आणि पर्लमन, नेदरलँड्समध्ये व्हान वीमन आणि श्यूर्स. इन्सुलिन मोजण्याची यालो आणि बर्सन यांची वाट मुळात एका झाकणाऱ्यामुळेच सापडली होती: इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनला धरणाऱ्या अँटीबॉड्या असतात हे त्यांना आधी दिसलं. तेव्हा नीलपीत, झाकणाऱ्यावर फार चिडू नका.

नीलपीत
काका :)

शेवटचा प्रश्न. सीरम आठपटला लावायचं ठरवलं. प्लाझ्मा आठपट केला तर वाचन पाचच्या खाली जाईल, वक्राच्या बाहेरच. दुप्पटला ठेवला तर झाकण तसंच. काय करू?

उतारवक्र
या किटने प्लाझ्माचं एकूण व्हीईजीएफ मिळणार नाही, हे मान्य करून चाला. दोन वाटा आहेत. जास्त संवेदनशील अॅसे घ्या, डिजिटल प्रकारातले काही याहून बरेच खाली जातात, मग प्लाझ्माही पातळ करता येईल. नाहीतर दुप्पटलाच लावा आणि "दुप्पट डायल्यूशनवर या किटला दिसलेलं व्हीईजीएफ" असं स्पष्ट लिहा. सीरमच्या आकड्याला त्याने भागून गुणोत्तर वगैरे काढू नका.

१५.६ च्या खाली वक्र पुढे ओढायचा नाही. तिथले नमुने "मोजणीच्या मर्यादेखाली" म्हणून नोंदवा. शून्य टाकू नका, रिकामेही सोडू नका. असे नमुने थोडेच असतील तर बरेच जण मर्यादेच्या निम्मी किंमत धरतात. जास्त असतील तर सेन्सॉर्ड डेटाची (किंमत फक्त "मर्यादेखाली" इतकीच माहीत असलेल्या आकड्यांची) पद्धत वापरावी लागेल, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

रात्रपाळी
आणि एकाच व्यक्तीचे सगळे नमुने एकाच प्लेटवर, गट प्लेटांमध्ये मिसळून. पूल केलेल्या (अनेक नमुने एकत्र केलेल्या) सीरमच्या छोट्या नळ्या आताच गोठवून ठेवा आणि प्रत्येक प्लेटवर एक लावा. किटचा लॉट बदलला की आधी त्याच नळीचं वाचन जुन्या लॉटशी ताडून बघायचं, मगच पुढचे नमुने.

नीलपीत
पूल आजच करते. पॅरलेलिझमसाठी दोन्ही गटांतले नमुने काढून ठेवलेत, निकाल आले की याच धाग्यात टाकते.

पिपेटवाला
निळ्या अवस्थेतला फोटोही टाका.